प्रवाळांच्या टाकीत एलईडी प्रकाशाचे माप दर वेळी वेगळे येते तेव्हा

घरच्या सागरी टाकीत प्रवाळ वाढवणाऱ्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. दिवा तोच, त्याची टक्केवारी तीच, टाकीही तीच. तरी मागच्या खेपेस वाळूवर प्रकाशाचे माप १२० आले होते आणि आज ८५ येतात. कुणाच्या मित्राचा मीटर त्याच खडकावर २०० दाखवतो, तर स्वतःचा १४०. कुणी लक्समीटर लावून पाहतो, आकडा फारच लहान दिसतो म्हणून दिवा वाढवतो आणि दोन आठवड्यांत अ‍ॅक्रोपोरा या प्रवाळाच्या फांद्या पांढऱ्या पडू लागतात. मग दिवा कमी केला जातो, पुन्हा मोजले जाते, पुन्हा तिसराच आकडा येतो, आणि या साऱ्या खटाटोपात प्रवाळाला एकही महिना स्थिर प्रकाश मिळत नाही.

अशा वेळी दिव्याच्या अ‍ॅपला हात लावण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. एकाच जागी सेन्सर ठेवून, काढून, पुन्हा ठेवून लागोपाठ तीन मापे घ्यावीत. ती एकमेकांशी जुळत नसतील तर गडबड मोजण्यात आहे, आणि ती दूर होईपर्यंत त्या आकड्यांवरून प्रकाशाविषयी कोणताही निर्णय घेऊ नये. ती जुळत असतील, पण गेल्या महिन्याच्या मापाशी जुळत नसतील, तर दोन्ही वेळच्या परिस्थितीत काय बदलले ते शोधावे लागते. पुढील मांडणी याच क्रमाने केली आहे: आधी मीटर, मग पाणी, मग दिवा, मग प्रवाळ आणि सर्वांत शेवटी दिव्यातला दोष.

मोजायचे काय आहे

प्रवाळाच्या पेशींत राहणारी झुझँथेली ही सूक्ष्म शैवाले प्रकाशसंश्लेषण करतात आणि तयार झालेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानाला देतात. त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो दर सेकंदाला दर चौरस मीटरवर पडणाऱ्या प्रकाशकणांचा हिशेब. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील प्रकाशाला पार (PAR) म्हणतात आणि त्याचे माप मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद या एककात दिले जाते. पुढे त्याचा उल्लेख नुसता मायक्रोमोल असा केला आहे. या व्याख्येनुसार पट्ट्याच्या आतला प्रत्येक प्रकाशकण, मग तो निळा असो, हिरवा असो की तांबडा, सारख्याच वजनाचा धरला जातो.

लक्सचे तसे नाही. लक्स हे माणसाच्या डोळ्याला किती उजेड दिसतो त्याचे माप आहे, आणि आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असतो. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला त्याची संवेदनशीलता या कमाल पातळीच्या जेमतेम चार टक्के उरते. प्रवाळांसाठीचे एलईडी दिवे मुख्यतः याच निळ्या भागात काम करतात, आणि पुढच्या बहुतेक घोटाळ्यांचे मूळ येथे आहे.

लक्सवरून पार काढताना

बागकामाच्या लेखांत लक्सला ५४ ने भागून पार काढण्याची रीत सांगितलेली असते. सूर्यप्रकाशापुरती ती ठीक आहे. भर दुपारी स्वच्छ आकाशाखाली एक लाखाहून अधिक लक्स असतात आणि पार सुमारे २००० मायक्रोमोल भरतो. पण हाच भागाकार निळ्या एलईडीला लावला की हिशेब पूर्ण कोसळतो. फक्त ५५५ नॅनोमीटरचा प्रकाश घेतला तर एका मायक्रोमोलला सुमारे १४७ लक्स मिळतात. फक्त ४५० नॅनोमीटरचा घेतला तर सुमारे ७. आणि ४२० नॅनोमीटरच्या जांभळ्या एलईडीचा घेतला तर एक लक्सही पुरता मिळत नाही. म्हणजे खडकावर निव्वळ ४५० नॅनोमीटरचे २०० मायक्रोमोल पडत असतील तर आदर्श लक्समीटरही साधारण १४०० दाखवील, आणि ५४ ने भागणारा माणूस २६ मायक्रोमोल असे उत्तर काढून घाबरून दिवा वाढवील.

प्रत्यक्षातल्या दिव्यात निळ्याबरोबर पांढरे, जांभळे आणि थोडे हिरवे-तांबडे एलईडीही असतात, त्यामुळे खरा भाजक ७ आणि ५४ या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी पडतो. अडचण अशी की कोणत्याही रंगाच्या चॅनलची, म्हणजे वेगळ्याने कमी-जास्त करता येणाऱ्या एलईडींच्या गटाची, टक्केवारी बदलली की भाजकही बदलतो. पांढरे चॅनल ३० वरून १० टक्क्यांवर आणले तर लक्स धाडकन खाली येतात, पार मात्र तितका हलत नाही. शिवाय स्वस्त लक्समीटरांतील फिल्टर डोळ्याच्या संवेदनशीलतेशी निळ्या टोकाला नीट जुळत नाही. तिथे एका मीटरची दुसऱ्याशी तुलनाही फोल ठरते.

म्हणून लक्समीटर फेकून द्यावा असे नाही. चॅनलांची टक्केवारी न बदलता, त्याच जागी, त्याच मीटरने महिन्यातून एकदा नोंद घेतली तर दिवा मंदावतो आहे की नाही हे त्यावरून चांगले कळते. आकडा निरपेक्ष म्हणून वापरला की घात होतो. स्वतःच्याच जुन्या आकड्याशी तुलना करायला तो उपयोगी आहे.

जी चूक लक्समीटर करतो तीच आपला डोळा करतो, आणि डोळ्यावर आपला विश्वास अधिक असतो. गडद निळी टाकी अंधारी वाटते. पाहुण्यांना मासे नीट दिसावेत म्हणून कुणी पांढरे चॅनल वाढवतो, किंवा उजेड कमीच आहे असे समजून सारेच चॅनल वर नेतो, आणि ज्या टाकीत आधीच ३०० मायक्रोमोल होते तिथे ४५० होतात. टाकी किती उजळ दिसते यावरून प्रवाळाला किती प्रकाश मिळतो याचा अंदाज बांधता येत नाही, हे मान्य केल्याशिवाय पुढची कोणतीही दुरुस्ती टिकत नाही.

फोनमधली अ‍ॅप्स याच कुळातली. काही फोनचा उजेड-सेन्सर वापरतात, म्हणजे लक्सच मोजतात. काही कॅमेऱ्यावर पांढरा विसारक बसवून रंगांच्या प्रमाणावरून पारचा अंदाज करतात. दुसरी जात पहिलीपेक्षा बरी आहे, तरी गडद निळ्या प्रकाशात कॅमेऱ्याचा निळा रंग लवकर संपृक्त होतो आणि फोन पाण्याखाली नेण्याचा प्रश्न उरतोच. टाकीबाहेर दोन दिव्यांची ढोबळ तुलना करण्यापलीकडे त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

दोन पार मीटर एकमेकांशी का जुळत नाहीत

मित्राचा मीटर आणि आपला मीटर दोन्ही पारचेच असूनही वेगळे आकडे दाखवत असतील, तर प्रथम सेन्सर कोणत्या पिढीचे आहेत ते पाहावे. छंदिष्टांत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या अपोजी कंपनीच्या जुन्या सेन्सरांचा उपयुक्त पट्टा सुमारे ४१० ते ६५५ नॅनोमीटर होता. नंतरच्या पूर्णपट्टा सेन्सरांचा तो ३८९ ते ६९२ नॅनोमीटर आहे. जुना सेन्सर सूर्यप्रकाशात किंवा टी-५ या ट्यूबलाइटसारख्या नळ्यांखाली चांगले काम देतो, पण ज्या दिव्यात जांभळे आणि गडद निळे एलईडी भरपूर आहेत तिथे तो खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. त्यामुळे जुन्या मीटरवर २०० दिसले म्हणून नव्या मीटरवरही २०० दिसेपर्यंत दिवा उतरवणे हा चुकीचा उपाय ठरतो. त्या प्रवाळाला आधीपासूनच त्याहून अधिक प्रकाश मिळत होता आणि त्याने तो मानवून घेतला होता. मीटर बदलला तर दिवा न हलवता सगळ्या जागा नव्याने मोजाव्यात आणि नवे आकडे हीच नवी आधाररेषा मानावी.

अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी प्रवाळ मंडळे आणि दुकाने पार मीटर काही दिवसांसाठी भाड्याने किंवा अनामत घेऊन देतात. सोय उत्तम आहे, पण अनेक हातांतून फिरलेल्या सेन्सरच्या पांढऱ्या माथ्यावर मिठाचा किंवा कॅल्शियमचा थर बसलेला असतो. तो थर साध्या शुद्ध पाण्याने आणि मऊ कापडाने काढावा. न निघाल्यास सौम्य व्हिनेगर लावून पुन्हा धुवावे, घासणी मात्र कधीही वापरू नये. मग सेन्सर काळ्या कापडाने पूर्ण झाकून मीटर शून्य दाखवतो का ते पाहावे. अंशशोधनाची शंका असेल तर निरभ्र दिवशी मध्यान्हीच्या सुमारास सेन्सर उघड्यावर समपातळीत ठेवून, त्या जागेच्या अक्षांश, तापमान आणि आर्द्रतेवरून अपेक्षित सूर्यप्रकाश काढून देणाऱ्या ऑनलाइन गणकाशी ताडून पाहता येते. धुरकट किंवा ढगाळ हवेत ही परीक्षा फसवते.

पाण्यात बुडवल्यावर आकडा का घसरतो

सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो, म्हणून हा मुद्दा थोडा विस्ताराने समजून घ्यावा. सेन्सरच्या माथ्यावर प्रकाश पसरवणारी एक पांढरी चकती असते. हवेत असताना या चकतीतून वर परत फिरणाऱ्या प्रकाशाचा बराच भाग चकती आणि हवा यांच्या सीमेवरून पुन्हा आत वळतो आणि आतल्या सेन्सरपर्यंत पोहोचतो, कारण प्लास्टिक आणि हवा यांच्या अपवर्तनांकांत मोठा फरक असतो. पाण्याचा अपवर्तनांक प्लास्टिकच्या जवळचा असल्याने पाण्याखाली हा प्रकाश अडत नाही, निसटून जातो. म्हणून प्रकाश तेवढाच असूनही बुडवलेला सेन्सर कमी दाखवतो. ही घट भरून काढण्यासाठी आलेल्या आकड्याला निमज्जन-गुणकाने गुणावे लागते. अपोजीच्या जुन्या सेन्सरांसाठी हा गुणक १.०८ दिला जातो. पूर्णपट्टा सेन्सरांसाठी तो बराच मोठा, १.३ च्या आसपास आहे. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पत्रकातूनच घ्यावा, दुसऱ्याच्या मॉडेलचा उसना घेऊ नये.

आता पाण्याखालच्या वापरासाठीच विकल्या जाणाऱ्या काही मीटरांत हा गुणक आधीच लावलेला असतो. वापरणाऱ्याला ते ठाऊक नसले की तो पुन्हा गुणतो. मूळ आकडा २०० असेल आणि गुणक १.३२ असेल तर दुरुस्त माप २६४ होते. दोनदा गुणले की ३४८. एकाच खडकाविषयी तीन माणसे २००, २६४ आणि ३४८ असे तीन आकडे सांगतात आणि तिघांचेही मीटर निर्दोष असतात. उलट, अंतर्गत दुरुस्ती असलेला मीटर पाण्याबाहेर दिव्याखाली धरला की तो तितक्याच प्रमाणात जास्त दाखवतो. म्हणून वहीत आकडा लिहिताना त्याच्या शेजारी दुरुस्त किंवा अदुरुस्त हा शब्द लिहिण्याची सवय लावून घ्यावी. दुसऱ्याने सांगितलेला आकडा स्वीकारतानाही आधी हाच प्रश्न विचारावा.

आकडा स्थिर का राहत नाही

सेन्सर हलवला नाही तरी मीटरवर १५०, २३०, १७०, २९० असे आकडे नाचत असतील, तर ते पृष्ठभागावरील लाटांमुळे आहे. लाटेचा प्रत्येक फुगवटा भिंगासारखा प्रकाश एकवटतो आणि प्रत्येक खळगा तो पसरवतो. वाळूवर धावणाऱ्या ज्या चमकत्या रेषा आपल्याला इतक्या आवडतात त्या याच. टी-५ नळ्यांच्या पसरट प्रकाशात त्या फिक्या असतात, एका लहान गटात बसवलेल्या एलईडीखाली मात्र फार तीव्र असतात. एका क्षणाचा आकडा वाचून लिहिणारा माणूस कधी रेषेवरचा आकडा लिहितो, कधी दोन रेषांमधला.

यावर उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत. आधी वेव्हमेकर (टाकीतले पाणी घुसळणारा पंप) आणि टाकीत पाणी परत आणणारा परतीचा पंप बंद करून पृष्ठभाग निवळू द्यावा आणि त्या स्थितीत सर्व जागांची मापे घ्यावीत. महिन्यामहिन्यांची तुलना याच मापांची करायची. परतीचा पंप थांबला की पाण्याची पातळी किंचित उतरते, त्याचा परिणाम नगण्य असतो, पण दर वेळी ती तेवढीच उतरलेली असावी. मग पंप चालू करून मीटरच्या सरासरी काढण्याच्या सोयीने, किंवा ती नसेल तर अर्धा-एक मिनिट आकडे पाहून, चालत्या टाकीतले माप घ्यावे. प्रवाळाला मिळणारा प्रकाश हा दुसरा असतो. पण पहिल्याशिवाय दुसऱ्यावर भरवसा ठेवता येत नाही.

लाटा थांबवूनही माप जुळत नसेल तर हाताकडे पाहावे. सेन्सर दहा-पंधरा अंश कलला तरी आकडा बदलतो, आणि दिवा बाजूला असेल तर पुष्कळच बदलतो. सेन्सर बारीक, काळ्या रंगाच्या काठीच्या टोकाला घट्ट बांधावा, काठी काटकोनात असावी, मोजताना हात आणि डोके टाकीवरून दूर असावे. टाकीवर वाकून आत डोकावणारा माणूस बाजूचा बराच प्रकाश अडवतो आणि त्याला ते जाणवतही नाही. १२० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद टाकीत दर १५ सेंटिमीटरवर खुणा करून वाळू, मधला खडक आणि वरचा कडा अशा तीन उंचींवर मोजले की टाकीचा नकाशा तयार होतो. दोन दिव्यांच्या मधोमध पडलेला अंधार आणि एका दिव्याच्या बरोबर खाली असलेला तापलेला डाग नकाशात लगेच दिसतात. पाच-दहा सेंटिमीटर बाजूला सरकले तर आकडा किती बदलतो हे एकदा पाहिले की "मागच्या खेपेस १२० आले होते" या वाक्यातली मेख ध्यानात येते: मागच्या खेपेस सेन्सर नेमका कुठे होता?

खोलीबरोबर प्रकाश किती घटेल याचा हिशेब अंतराच्या वर्गावरून करणारे पुष्कळ आहेत. तो नियम उघड्यावर ठेवलेल्या बिंदूसारख्या दिव्याला लागू पडतो, काचेच्या टाकीला नाही. वरून पाण्यात शिरणारा प्रकाश वाकून उभ्या रेषेच्या जवळ येतो, आणि जो किरण उभ्या रेषेशी सुमारे ४१ अंशांहून कमी कोन करतो तो बाजूच्या काचेवर आदळल्यावर बाहेर न जाता पूर्ण परावर्तित होऊन पुन्हा टाकीत येतो. म्हणून स्वच्छ काचेच्या टाकीत प्रकाश अपेक्षेपेक्षा हळू घटतो आणि मागच्या काचेवर कोरलाइन शैवाल दाट चढले की तोच प्रकाश हळूहळू कमी होतो. गणित करून जागा ठरवू नये; मोजावे.

दिवा त्या क्षणी काय करत होता

अ‍ॅपमध्ये ६० टक्के दिसतात म्हणजे दिवा ६० टक्क्यांवर चालतो आहे असे नाही. सकाळी हळूहळू चढणारा आणि संध्याकाळी उतरणारा आलेख चालू असेल, ढगांचा देखावा चालू असेल, किंवा नव्या प्रवाळांना सवय लावण्यासाठीचा मंद मोड महिन्यापूर्वी लावून विसरला गेला असेल, तर प्रत्यक्ष प्रकाश वेगळा असतो. वीज गेल्यावर काही दिव्यांचे घड्याळ मागे पडते आणि दुपारी दोनचा आकडा प्रत्यक्षात अकराचा असतो. काही दिव्यांत एका चॅनलची न वापरलेली शक्ती दुसऱ्याला दिली जाते, त्यामुळे पांढरे कमी केल्यावर निळे वाढू शकते. मोजताना सर्व आपोआप चालणारे कार्यक्रम थांबवून दिवा हाताने ठरलेल्या टक्केवारीवर ठेवावा.

मग निदान अर्धा तास थांबावे. एलईडी तापला की त्याचा प्रकाश कमी होतो, त्यामुळे नुकत्याच लावलेल्या दिव्याचे माप आणि तापून स्थिरावलेल्या दिव्याचे माप सारखे येत नाही.

दर सफाईनंतर प्रवाळ पांढरे पडतात

ही तक्रार वरकरणी मापाशी असंबद्ध वाटते, पण तिचे उत्तर मीटरच देतो. टाकीत फेसाबरोबर उडणारे खारे तुषार दिव्याच्या पारदर्शक पट्टीवर सुकत जातात, पंख्याच्या जाळीत धूळ आणि मीठ एकत्र बसते, आणि पाण्यात कुजलेल्या सेंद्रिय द्रव्यांमुळे एक हलका पिवळेपणा येतो. हा पिवळेपणा बरोबर निळाच प्रकाश शोषतो. तिन्ही बदल इतके संथ असतात की प्रवाळ त्यांना जुळवून घेते आणि आपल्याही लक्षात येत नाही. मग एखाद्या रविवारी आपण पट्टी पुसतो, पंखा साफ करतो, नवा सक्रिय कोळसा घालतो, आणि एका दिवसात प्रवाळावर पडणारा निळा प्रकाश एकदम चढतो. दिव्याची टक्केवारी बदललेली नसते, म्हणून संशय प्रकाशावर जात नाही. पाण्याच्या रसायनावर, माशांवर, नव्या मिठाच्या पिशवीवर जातो.

सफाईपूर्वी आणि सफाईनंतर त्याच तीन-चार जागा मोजल्या की हे उघडे पडते. फरक लक्षणीय असेल तर सफाईच्या दिवशीच टक्केवारी उतरवून आधीचा आकडा कायम ठेवावा आणि मग आठवड्याला साधारण पाच टक्के अशा गतीने ती वर न्यावी. याहून बरा उपाय म्हणजे घाण साचूच न देणे: पट्टी दर आठवड्याला शुद्ध पाण्याने ओल्या केलेल्या कापडाने पुसावी आणि कोळसा एकदम भरपूर न घालता थोडा थोडा, वरचेवर बदलावा. टाकीवर काचेचे झाकण असेल तर तेही याच हिशेबात धरावे. स्वच्छ काचही दोन पृष्ठभागांवरून मिळून सुमारे आठ टक्के प्रकाश परतवते, मिठाने माखलेली काच किती अडवते ते मोजूनच पाहावे. माशांनी उडी मारू नये म्हणून लावलेली जाळीही मोजताना जशी नेहमी असते तशीच असू द्यावी.

आकडा किती असावा

माप भरवशाचे झाल्यावरच हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे. छंदिष्टांच्या अनुभवातून रूढ झालेल्या मर्यादा साधारण अशा आहेत: मशरूम प्रवाळांना ३० ते ८०, बहुतेक मऊ प्रवाळ आणि मोठ्या पॉलिपांच्या (पॉलिप म्हणजे प्रवाळातला एकेक जीव) एलपीएस जातींना ५० ते १५०, आणि अ‍ॅक्रोपोरासारख्या लहान पॉलिपांच्या एसपीएस जातींना २०० ते ३५० मायक्रोमोल. हे निसर्गनियम नाहीत. एकाच जातीचे दोन फ्रॅग, म्हणजे वाढवण्यासाठी कापलेले तुकडे, कोणत्या टाकीत वाढले त्यावरून त्यांची सहनशक्ती वेगळी असते. विकणाऱ्याला त्याच्याकडचा पार विचारावा, आणि तो कोणत्या सेन्सरने मोजला हेही.

समुद्रावर दुपारी २००० मायक्रोमोल असतात, मग टाकीत हजार का नकोत, असा युक्तिवाद कधी कधी केला जातो. पण तो आकडा पृष्ठभागावरचा आणि दिवसातल्या एका घटकेचा असतो. आपल्याकडचेच उदाहरण घेतले तर मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीची प्रवाळे गढूळ पाण्यात जगतात, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरहून अधिक किलोमीटरवर असलेल्या अँग्रिया बँकेवर प्रवाळांच्या डोक्यावर वीस मीटरच्या आसपास पाणी असते. पृष्ठभागावरचा आकडा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. येथे एक गोष्ट ओघात नमूद करणे भाग आहे. भारतात पाषाणप्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरून तुकडा उचलून टाकीत ठेवणे हा गुन्हा आहे. येथे जे लिहिले आहे ते ज्या देशांत पैदास केलेले फ्रॅग कायदेशीररीत्या मिळतात तिथल्या टाक्यांसाठी आहे.

आकड्याबरोबर तासांचाही हिशेब ठेवावा. २०० मायक्रोमोल आठ तास मिळाले तर दिवसाकाठी दर चौरस मीटरला ५.७६ मोल होतात. तेच बारा तास मिळाले तर ८.६४. दोघांच्या वहीत २०० हाच आकडा असतो आणि दोन टाक्यांतल्या प्रकाशात दीडपटीचा फरक असतो.

माप जुळते, तरी प्रवाळ बरे नाही

आकडा मर्यादेत आहे, महिनाभर स्थिर आहे, तरी प्रवाळ फिके होत असेल तर नायट्रेट आणि फॉस्फेट तपासावेत. दोन्ही शून्यावर असलेल्या टाकीत एरवी सोसणारा प्रकाशही जड जातो. प्रवाळ तपकिरी होत असेल तर ते उलट लक्षण आहे: प्रकाश कमी किंवा पोषकद्रव्ये जास्त असल्याने झुझँथेलींची संख्या वाढलेली असते. वरच्या बाजूने पांढरे पडत असेल आणि सावलीतला भाग रंगीत असेल तर प्रकाशाचा संशय रास्त आहे. बुडापासून पांढरे होत वर सरकत असेल तर तो रोग वेगळा, दिवा उतरवून तो थांबत नाही. सेन्सर फक्त वरून सपाट पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजतो, त्यामुळे दाट फांद्यांच्या आत किंवा उभ्या कड्यावर खरोखर किती प्रकाश आहे हे त्या आकड्यावरून कळत नाही, हेही ध्यानात असावे.

दिव्यातच दोष आहे हे केव्हा म्हणावे

मीटर तपासला, सेन्सरचा माथा धुतला, पृष्ठभाग निवळला, जागा तीच ठेवली, पट्टी पुसली, आपोआप चालणारे कार्यक्रम बंद केले, अर्धा तास थांबलो आणि तरीही आकडा जुन्या नोंदीपेक्षा स्पष्ट खाली आहे, अशा वेळी दिव्याकडे बोट दाखवता येते. घट टाकीच्या सर्व जागी सारख्या प्रमाणात असेल तर पंखा फिरतो का ते पाहावे. उष्णता साचली की अनेक दिवे स्वतःला वाचवण्यासाठी प्रकाश आपोआप उतरवतात. पंखा ठीक असेल तर वीजपुरवठ्याचा अ‍ॅडॅप्टर दुसऱ्या, तितक्याच व्होल्टचा आणि पुरेशा क्षमतेचा लावून पाहावा. घट एकाच बाजूला असेल तर एकेक चॅनल स्वतंत्रपणे चालवून काळ्या चष्म्यातून किंवा पांढऱ्या कागदावर पडलेल्या उजेडावरून कोणता एलईडी बंद आहे ते शोधावे. चालू एलईडीकडे उघड्या डोळ्यांनी रोखून पाहू नये. टाकीवर दोन सारखे दिवे असतील तर त्यांची जागा आपसांत बदलून पुन्हा मोजणे ही सर्वांत सोपी आणि निर्णायक परीक्षा आहे: कमी आकडा दिव्याबरोबर सरकला तर दोष दिव्यात आहे, जागेवरच राहिला तर तो पाण्यात, काचेत किंवा खडकाच्या सावलीत आहे. हमीच्या मुदतीत दिवा परत पाठवायचा झाला तर विक्रेत्याला तारीखवार मापे, चॅनलांची टक्केवारी, दिव्याची पाण्यापासूनची उंची आणि सेन्सरचे मॉडेल लिहून द्यावे. नुसते "प्रकाश कमी वाटतो" असे लिहिले तर उत्तरादाखल अ‍ॅप अद्ययावत करा एवढाच सल्ला मिळण्याची शक्यता अधिक असते.